वाफेचं यंत्र आणि यादीतला सातवा

...आणि वर मलाच विचारतात, "ऑर्विल, याची वायर कुठंय?" अहो, मला काय माहीत वायर कुठंय! मी काय वायर खाल्ली? ज्यानं यंत्र दान केलं त्याला विचारा, त्याच्या बायकोला विचारा, त्याच्या माळ्यावरच्या उंदराला विचारा! पण नाही. वायर नाही, ऑर्विल. झाकण नाही, ऑर्विल. आत कुणाचा तरी मध सांडलाय, मुंग्या लागल्यात, ऑर्विल... तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं या ॲल्डर फोर्क गावात टपाल वाटलं मी, धुक्यात, चिखलात, लाकडाच्या गिरणीचा संप चालू होता तेव्हा दगडांतनं वाट काढत, पण अशी दशा माझी कधी झाली नव्हती. आणि मी केलं काय? मी नुसता खोकं ठेवायला गेलो होतो हो!

खोकं माझ्या मेहुण्याचं. तो बिचारा गेला, त्याचं वाफेचं यंत्र मागं राहिलं. आता आमच्याकडे डॉक्टरनं लिहून दिलं की आजारी माणसाला गांजा औषध म्हणून घेता येतो, यात कुणाला काही वाटत नाही. पण ज्याच्या छातीचा आधीच लोहाराचा भाता झालाय त्यानं धूर ओढायचा कसा? म्हणून हे यंत्र. पाला जळत नाही, नुसता तापतो, त्याची वाफ घ्यायची. ठसका कमी, वास कमी, शेजारी शांत. आणि ते घ्यायला गरिबाची ऐपत नसते. तर आमची मर्ना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लाँड्रीच्या मागं त्या कॉन्स्टन्सची खोली आहे, ती फुकट वाटते असली यंत्रं. एवढं ठेवून ये. आणि येताना पाव आण."

गेलो. दार ढकललं. आत कॉन्स्टन्स ऑयलर. सत्तरीची बाई, पांढरी वेणी कमरेपर्यंत, गळ्यात दोन चष्मे, आणि हातात स्क्रूड्रायव्हर असा धरलेला की आता कुणाचं तरी पोट फाडणार. पूर्वीची नर्स ती. म्हणाली, "खोकं तिथं ठेव. हे जरा धर." मी धरलं. धरलं ते आज वर्ष होत आलं, धरूनच आहे! आधी म्हणाली, "तुझा हात स्थिर आहे रे." मग म्हणाली, "तुला गावातली घरंन् घरं ठाऊक असतील नाही?" आता छत्तीस वर्षं पोस्टमन होतो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पाव राहिला. मर्ना अजून विचारते.

आणि ते दान! धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. कबूल. पण अहो, गाय तरी असावी की नाही? आमच्याकडे दानात आली तेवीस खोकी. त्यात एक निघालं बाळाची बाटली गरम करायचं भांडं. एक निघालं केस कुरळे करायचं. एका भल्या बाईनं पावाचा टोस्टर पाठवला आणि वर चिठ्ठी, "हेही गरम होतं." बाई, हेही गरम होतं? इस्त्रीही गरम होते, माझं डोकंही गरम होतं, तेही पाठवू? तेवीसातली चालणारी यंत्रं किती? सात. आणि यादीत माणसं किती? एकोणीस! आणि यादीतला प्रत्येक माणूस फोन करतो, आणि फोन कोण उचलतं? मी. "पोस्टमन, माझा नंबर कधी? रात्री झोप नाही रे." दुसरी म्हणते, "मुलाला झटके येतात, तो धुरानं गुदमरतो, काहीतरी कर." आणि मी आपला म्हणतोय, "हो ताई, बघतो ताई." काय बघतो? बाळाची बाटली बघतो? मी नुसता खोकं ठेवायला गेलो होतो हो!

तरी सहा दिली. सहा घरी जाऊन, लावून, दाखवून आलो. आता राहिलं एक. ते माझ्या मेहुण्याचं, सगळ्यांत धड. मी यादी काढली आणि मोठ्यानं वाचलं, "सातवा नंबर... स्ट्राउड. हार्लन स्ट्राउड."

कॉन्स्टन्सच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

पलीकडे लाँड्रीत कुणाच्या तरी विजारीतली नाणी मशीनमध्ये खणखण फिरत होती तेवढाच आवाज. कारण हार्लन स्ट्राउड कोण? पूर्वीचा डेप्युटी. पोलीस! तेवीस वर्षांपूर्वी हाच स्ट्राउड हेलिकॉप्टरमधनं कॉन्स्टन्सच्या टेकडीवर उतरला होता. तेव्हा गांजा म्हणजे सरळ गुन्हा, औषधबिवध काही नाही. हिनं एकतीस झाडं लावलेली, नवऱ्याला हाडांचा कॅन्सर होता त्याच्यासाठी. यानं एकतीसच्या एकतीस उपटली. हिला चार महिने तुरुंग झाला. नर्सचा परवाना गेला. आणि ती आत असताना नवरा गेला. पुढं पंधरा वर्षं या बाईनं खेकडे सोलायच्या कारखान्यात काम केलं, उभ्यानं.

मी हळूच म्हटलं, "कॉन्स्टन्स... आठवा नंबर एक बाई आहे. फार गरजू आहे. आपण जरा..."

"सातव्यानंतर आठवा येतो, ऑर्विल," ती म्हणाली. "मी नर्स होते. वॉर्डात चेहरे बघून औषध देत नसतात." मग चष्मा काढला, पुसला, दुसराच घातला. "पण मी जाणार नाही. तू जा. आणि माझं नाव घ्यायचं नाही."

झालं! म्हणजे देणारी बोलणार नाही, घेणारा काय करेल देवाला ठाऊक, आणि मधे कोण? टपाल! निवृत्त झालेलं टपाल!

गेलो. नदीकाठी ट्रेलरांची, म्हणजे चाकांवरच्या घरांची वस्ती आहे, तिथं शेवटच्या ट्रेलरात राहतो स्ट्राउड. पाठ मोडली तेव्हा नोकरी सुटली, मग बायकोचं आजारपण, त्यात घर गेलं. दार उघडलं आणि मी ओळखलंच नाही हो. हा माणूस दारातनं आत यायचा तर चौकट आधी बाजूला व्हायची असा होता! आता शर्ट एकीकडे, माणूस एकीकडे. पोटाचा कॅन्सर, आणि पोलिसात जायच्या आधी गिरणीत भुसा खाऊन खाऊन फुप्फुसं गेलेली. पण नजर तीच. त्याच नजरेनं त्यानं एकदा मला चुकीच्या बाजूला गाडी लावली म्हणून अर्धा तास उभं केलं होतं.

"काय आहे, पोस्टमन?"

"साहेब, ते... तुमचं नाव यादीत आहे. यंत्र आणलंय."

"मी नाव दिलेलं नाही. दवाखान्यातल्या पोरीनं घातलं असेल."

"तरी आलंय साहेब."

"वॉशिंग्टनच्या, केंद्राच्या कायद्यात अजून गुन्हा आहे, माहीत आहे का तुला?"

आता घ्या! अहो, पोटात अन्न ठरत नाही, गोळी घेतली तर गोळी उलटून पडते, चार दिवस पाण्यावर आहे हे त्या पोरीनं अर्जावर लिहिलेलं मी वाचलंय, आणि हा मला वॉशिंग्टन सांगतोय! मी म्हटलं, साहेब, वॉशिंग्टन लांब आहे, आणि तुमचं पोट इथं आहे. तो बाजूला झाला. सगळे पडदे ओढून घेतले. खोकं टेबलावर ठेवायला लावलं आणि म्हणाला, "पावती आण." पावती! दानाची!

मी यंत्र लावलं, दवाखान्यातल्या पोरीनं माझ्याकडे दिलेला पाला आत भरला. आता एक कबूल करतो, हसू नका. मी ते कधी वापरलेलं नाही. सहा घरी लावून दिलं ते त्या सहा जणांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं म्हणून. सरकारी नोकरी केली मी आयुष्यभर, मला चिलमीचं कुठलं टोक तोंडात धरतात तेही ठाऊक नाही. आणि समोर हा, पोलीस! दोघंही त्या यंत्राकडे असे बघतोय जणू बॉम्बच आहे. त्यानं नळी पिस्तुलासारखी धरली. जोरात ओढली. आणि असा खोकला, असा खोकला... मला वाटलं, गेला. माझ्या हातून डेप्युटी गेला! उद्या पेपरात येणार, 'माजी पोस्टमनकडून गांजानं खून'. मर्ना काय म्हणेल? पाव तर आणला नाहीच!

मी भिंतीवरचा फोन धरला आणि कॉन्स्टन्सला लावला.

"अगं, तो मरतोय!"

"मरत नाही. उष्णता किती ठेवलीस?"

"सगळी!"

"सगळी म्हणजे? अरे गाढवा, कोंबडी भाजतोयस का? खाली आण. निम्म्यावर."

मी निम्म्यावर आणली. स्ट्राउड डोळे पुसत म्हणाला, "कोण आहे फोनवर?" मी म्हटलं, "संस्था." तिकडून कॉन्स्टन्स, "त्याला सांग, हळू घे. सूप प्यायल्यासारखं." मी सांगितलं, "साहेब, संस्था म्हणते, सूप प्यायल्यासारखं." तो म्हणतो, "संस्थेला सांग, मला सूपही पचत नाही." मी फोनमध्ये सांगतोय, "तो म्हणतो, सूपही पचत नाही." ती म्हणते, "म्हणूनच तर देतोय ना! सांग त्याला, जोरात खेचू नको." मी म्हटलं, "साहेब, खेचू नका." आणि तेवढ्यात ती फोनमध्ये कडाडली, इतकी मोठ्यानं की अख्ख्या ट्रेलरला ऐकू गेलं, "म्हणावं, उपटायची सवय अजून जात नाही वाटतं!"

स्ट्राउडनं नळी खाली ठेवली.

"ऑयलर," तो म्हणाला. "कॉन्स्टन्स ऑयलर."

मी फोन छातीशी धरला. छाती अशी धडधडत होती की तिकडे तिला वाटलं असेल गाडी सुरू केली.

"घेऊन जा ते," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. आवाज चढवला नाही. "साहेब, अहो पण..." "घेऊन जा म्हटलं ना. त्या बाईच्या हातचं मी घेऊ शकत नाही." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, अजून माज गेला नाही याचा. पण मग त्याचे कान दिसले. लाल झाले होते. माज नव्हता हो तो. त्या माणसाला लाज वाटत होती.

आणि मग मला काय झालं मला माहीत नाही. मी कधी ओरडत नाही. छत्तीस वर्षांत कुणावर ओरडलो नाही, मर्नावर तर शक्यच नाही. पण ओरडलो! "अहो, एकोणीस माणसं आहेत यादीत! एकोणीस! त्यातली बारा अजून वाट बघतायत, आणि माझ्याकडे टोस्टर आहे! त्या पोराला झटके येतात, आठव्या बाईला झोप नाही, आणि तुम्हाला तुमची लाज मोठी वाटते? तिला तिचा राग मोठा वाटतो? तुम्ही दोघं काय ते एकदा तोंडावर बोला नाहीतर मरा दोघंही, पण मला मधे घेऊ नका! मी नुसता खोकं ठेवायला गेलो होतो हो!"

आणि रडलो. खरं सांगतो. डेप्युटीच्या ट्रेलरात, हातात फोन, नाक गळतंय, रुमाल नाही.

फोनमधनं आवाज आला, "ऑर्विल. तिथंच थांब." आणि ठेवला तिनं.

अकरा मैल आहेत मधे, सगळा वळणांचा रस्ता. अठरा मिनिटांत आली बाई. तिचा तो जुना ट्रक धूर सोडत दारात उभा राहिला तेव्हा स्ट्राउड खुर्चीतनं उठायचा प्रयत्न करत होता. उठता येईना. तरी एका हातानं टेबल धरून उठला, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

ती आत आली. पिशवी टेबलावर ठेवली. त्याच्याकडे खालून वर बघितलं. नर्स बघते तसं.

"माफ करायला आलेले नाही," ती म्हणाली. "सातवा नंबर आहेस म्हणून आले. बस खाली, पडशील."

तो बसला नाही. "बाई, तुमचे मिस्टर... मला माहीत नव्हतं ते घरात झोपून आहेत. कागदावर नव्हतं."

"घरात ये म्हटलं होतं मी. बघून जा म्हटलं होतं."

"म्हटलं होतं तुम्ही," तो म्हणाला. "मी आलो नाही."

मी तर श्वाससुद्धा निम्म्यावर ठेवला होता. मग ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "झाडं समजू शकते मी, स्ट्राउड. तुझं काम होतं. पण माझे टोमॅटो का तुडवलेस? कुंपणाच्या पलीकडे होते ते. सगळे म्हणाले, अगं धावपळीत पाय पडला असेल."

आता हा हो म्हणेल, धावपळीत पडला म्हणेल आणि प्रकरण मिटेल, मी मनात देवाला म्हणत होतो, म्हण बाबा, म्हण...

"मुद्दाम तुडवले," तो म्हणाला. "तुम्ही दारात उभ्या होतात. रडला नाहीत, ओरडला नाहीत. नुसत्या बघत होतात. मला राग आला. एकेक करून तुडवले."

झालं, म्हटलं! आता स्क्रूड्रायव्हर निघतो! मी खोकं उचलून पोटाशी धरलं, निदान यंत्र तरी वाचावं. पण ती खाली बसली. समोरच्या खुर्चीवर. आणि एक असा श्वास सोडला तिनं... तेवीस वर्षं आत धरला होता की काय कोण जाणे.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तेवीस वर्षं लोक मला म्हणतायत, तुझा गैरसमज आहे, कॉन्स्टन्स. मला ठाऊक होतं!" आणि हसली की हो! डोळ्यांतनं पाणी, आणि हसतेय. मग नाक ओढलं, बाह्या वर केल्या. "आण ती नळी इकडे. ऑर्विल, ते खोकं काय गर्भारणीसारखं धरलंयस, ठेव खाली."

मग शिकवलं तिनं. त्याच्या पाठीला उशी लावली, यंत्राचा काटा बघितला, "आता. हळू. थांब. सोड." तो लहान मुलासारखं ऐकत होता. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खोकला आला नाही. आम्ही तिघं बसून राहिलो. बाहेर नदीवर धुकं उतरलेलं, पडदे बंद. वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, "पोस्टमन, फळीवर डबा आहे बघ. पीच."

मी डबा उघडला. चार फोडी खाल्ल्या त्यानं. चार! आणि रसही प्यायला. आम्ही दोघं त्याच्या गळ्याकडे बघत बसलेलो, आता उलटतं की मग उलटतं. उलटलं नाही. पाचव्या फोडीला तो म्हणाला, "असं काय बघताय, मी काय सर्कशीतला आहे?" आणि कॉन्स्टन्स म्हणाली, "खा गप."

आता तुम्हाला वाटेल, झालं, गोड झालं, ऑर्विल सुटला. कुठला सुटतोय! दर गुरुवारी ती त्याच्याकडे जायला लागली. यंत्र साफ करायला, म्हणे. आणि तिचा ट्रक बंद पडला, मग तिला नेणार कोण? मी. दोघं भांडायची. अहो, काय भांडायची! हा म्हणे तुमचा माल बेकायदा होता, ती म्हणे तुझा कायदा बेकायदा होता, आणि मधेच एकदम थांबून, "पीच घेतोस का?" "घेतो." मी दाराशी बसून पेपर वाचायचो. माफ केलं का तिनं? एकदा परतताना गाडीत विचारलं. म्हणाली, "नाही. पण गुरुवार आला की नवीन नळी घेऊन ठेवते." यापलीकडे मलाही काही कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पाच महिने काढले त्यानं. डॉक्टर म्हणाले होते सहा आठवडे. एप्रिलमध्ये गेला, झोपेत. शेवटच्या गुरुवारी ती त्याच्याजवळ सकाळपासून बसून होती, आणि भांडत नव्हती, तेव्हाच मला कळलं. दफनाला आम्ही दोघं, पाद्री, आणि गणवेशातले दोन म्हातारे. यंत्र परत आलं ते धुऊन, पुसून, पुढच्या नंबरला देण्यासारखं. आठव्या बाईला आधीच दुसरं मिळालं होतं, कुणीतरी एकदाचं वायरसकट पाठवलं. हे गेलं नवव्याला.

मग मी ठरवलं. बस. माझा गुडघा गेला, बायको अजून पावावरनं टोचते, नळीचा वास माझ्या कोटाला लागलाय, चर्चमध्ये लोक माझ्यापासून दोन बाकं लांब बसतात. गेल्या सोमवारी कॉन्स्टन्सला सांगितलं, "मी आजपासून येणार नाही." ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं! एवढं सोपं होतं! मी कोट घातला, टोपी घातली, दार उघडलं, तर दारात माणूस. दफनाला आलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांतला एक. हातात डॉक्टरचं पत्र, श्वास घशात अडकलेला, इकडेतिकडे बघतोय कुणी ओळखीचं दिसत नाही ना.

"तूच का पोस्टमन?" तो म्हणाला. "हार्लन सांगून गेलाय. म्हणाला, पोस्टमनकडे जा. आरडाओरडा फार करतो, पण येतो."

मी कॉन्स्टन्सकडे बघितलं. ती स्क्रू शोधत होती. मुद्दाम शोधत होती! मी टोपी काढली. यादी काढली, पेन्सिल काढली. पत्ता विचारला. टेकडीच्या पार टोकाला राहतो, म्हणाला, गाडी फाटकापर्यंतच जाते, पुढं चालत.

"कुत्रा आहे का?" मी विचारलं.

"नाही, नाही," तो म्हणाला. "दोन आहेत."